रंग दिल्यावर तुकडे बसत का नाहीत? स्क्रोल सॉच्या रंगीत भिंतचित्रांची नेहमीची अडचण

कापून झाल्यावर तुकडे मांडले तेव्हा चित्र झकास जुळलेलं होतं. मग पॉलिशपेपर मारला, प्रायमर दिला, रंगाचे दोन हात दिले, वार्निश लावलं, वाळवलं. परत मांडायला घेतलं तर मोराच्या पिसाऱ्यातले शेवटचे काही तुकडे आतच जाईनात. दाबून बसवले की शेजारचे वर उचलले जातात, कडेचा रंग खरवडतो, आणि इतक्या मेहनतीने केलेल्या निळ्या पिसावर पांढरी रेघ उमटते. बडोद्यात स्क्रोल सॉवर (बारीक ब्लेड वरखाली चालवून नक्षीदार आकार कापणाऱ्या छोट्या यंत्रावर) हौसेने काम करणाऱ्या आमच्या ओळखीच्या मंडळींकडून सर्वांत जास्त ऐकू येते ती ही तक्रार. आषाढ-श्रावणात तर ती ठरलेलीच.

बहुतेक जण दोष रंगाला देतात आणि दुसऱ्या कंपनीचा डबा आणतात. डबा बदलून हे सुटत नाही. दोन तुकड्यांच्या मध्ये जागा असते ती ब्लेडने खाल्लेल्या लाकडाएवढीच. त्या चिरेपलीकडे तुमच्या हातात काही नाही. यंत्राचं कललेलं टेबल (ज्यावर लाकूड ठेवून कापतात), रंगाचे थर, पाणी पिऊन फुगलेलं लाकूड आणि पावसाळी हवा, ही चौघंही त्याच चिरेतून आपापला वाटा काढून घेतात. म्हणून आधी चीर किती आहे ते मोजायचं, मग ती कोण खातंय ते शोधायचं. हा क्रम पाळला तर कारण सापडायला वेळ लागत नाही.

चीर कागदाने मोजा

महागडी मापं लागत नाहीत. प्रिंटरचा साधा ७५-८० ग्रॅमचा कागद जवळजवळ ०.१ मिमी जाड असतो. त्याच्या बोटभर रुंद पट्ट्या कापा. रंग न दिलेले तुकडे सपाट काचेवर मांडून दोन तुकड्यांच्या फटीत एकावर एक धरलेल्या किती पट्ट्या अलगद शिरतात ते बघा. चार शिरल्या तर चीर ०.४ मिमी.

स्क्रोल सॉचं ५ नंबरचं ब्लेड साधारण ०.४ मिमी जाड असतं, ३ नंबरचं ०.३५ च्या आसपास, आणि नाजूक कामाचं २/० नंबरचं ०.२५ मिमीच्या आसपास. दातांच्या कडांमुळे प्रत्यक्ष चीर ब्लेडपेक्षा किंचित रुंद पडते, पण हिशेबाला हे आकडे पुरेत.

आता रंगाचा हिशेब. ब्रशने दिलेला ॲक्रिलिकचा एक पातळ हात वाळल्यावर ०.०३ ते ०.०५ मिमी जाडीचा राहतो. प्रायमरचा एक, रंगाचे दोन, वार्निशचा एक असे चार थर कडेवर बसले तर एका कडेवर ०.१२ ते ०.२ मिमी. समोरच्या तुकड्याच्या कडेवरही तेवढेच. दोन्ही मिळून ०.२४ ते ०.४ मिमी. म्हणजे ५ नंबरच्या ब्लेडने दिलेली जागा रंगच पूर्ण भरून काढू शकतो, तेही काम व्यवस्थित केलेलं असताना. तळाच्या कोपऱ्यात रंगाचा ओघळ साचून थेंब वाळला असेल तर तो एकटाच अर्धा मिमी होतो. नाजूक दिसावं म्हणून ज्यांनी सगळं चित्र २/० ब्लेडने कापलं, त्यांच्याकडे तर मुळात अडीच पट्ट्यांचीच जागा होती.

पतंगांचं चित्र करणाऱ्यांना हा त्रास कमी होतो आणि मोर करणाऱ्यांना जास्त, त्याचं कारणही इथेच आहे. पतंगात दोन-चार तुकडे असतात आणि कडा सरळ असतात. पिसाऱ्यात एका ओळीत दहा-बारा फटी येतात. प्रत्येक फटीत केसभर कमी पडलं की शेवटच्या पिसापर्यंत ती तूट गोळा होत जाते. त्यामुळे शेवटी बसवलेला तुकडा अडतो आणि दोष त्याच्यावर येतो. त्याला घासत बसू नका, तो बहुतेक वेळा निर्दोष असतो.

समोरून बसतो की मागून?

रंग देण्याआधीची ही सगळ्यात महत्त्वाची चाचणी आहे, आणि ती करणारे फार थोडे. अडणारा तुकडा समोरून घालून पाहा, मग चित्र उलटं करून मागून घालून पाहा. एका बाजूने सुळकन जातो आणि दुसऱ्या बाजूने कुरकुरतो, तर टेबल काटकोनात नाही.

१८ मिमी जाडीच्या लाकडात टेबल फक्त १ अंश कललं तरी वरची आणि खालची रेघ एकमेकींपासून ०.३ मिमी सरकते. असा तुकडा समोरून पाहिला तर बरोबर मापाचा दिसतो, पण मागे प्रत्येक कडेला ०.३ मिमी जास्त रुंद असतो. समोरून आत घालायचा तर हा रुंद भाग आधी जायला हवा. चीर ०.४ मिमी, त्यातून ०.३ गेले, उरले ०.१, म्हणजे कागदाची एक पट्टी. कोरडा, बिनरंगाचा तुकडा तेवढ्या जागेतून जातो. दोन्ही कडांना रंग बसला की जात नाही. ‘रंग देण्याआधी बसत होता’ हे म्हणणं अगदी खरं असतं, फक्त तो जेमतेम बसत होता हे कळलेलं नसतं.

एकाच फळीतून सगळं चित्र कापलं असेल तर यावर सोपा उपाय आहे: तुकडे मागून घाला. काचेवर सगळं चित्र पालथं मांडत जा. तेवढ्याने कितीतरी चित्रं वाचतात. पण काही कडा तुकडा ब्लेडच्या उजवीकडे ठेवून आणि काही डावीकडे ठेवून कापल्या असतील, तर एकाच तुकड्याची एक कड आत कललेली आणि दुसरी बाहेर कललेली निघते. तो तुकडा कुठूनच नीट जात नाही. मग टेबल सरळ करण्याला पर्याय नाही.

वेगवेगळ्या लाकडांचे किंवा वेगवेगळ्या जाडीचे तुकडे स्वतंत्र कापून चित्र जुळवणाऱ्यांनी इथे जास्त जपायला हवं. त्यात प्रत्येक तुकडा आपापल्या रेघेवर, बहुधा एकाच दिशेने फिरवत कापला जातो. त्यामुळे सगळ्या कडा सारख्याच कलतात आणि शेजारच्या दोन कडांचा कल वजा न होता दुप्पट होतो. १ अंशाच्या चुकीला १८ मिमीत ०.६ मिमी. समोर कडा टेकलेल्या आणि मागे फट, नाहीतर मागे टेकलेल्या आणि समोर फट. समोरची फट बघून लोक तुकडा आणखी घासतात, आणि ती अजून वाढते.

टेबल तपासण्यासाठी यंत्रावरच्या अंशांच्या पट्टीवर विसंबू नका, लहान यंत्रांवर ती अंदाजापुरती असते. छोटा गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावून पाहता येतं, पण ब्लेड इतकं अरुंद की डोळा फसतो. पक्की रीत अशी: साधारण ४० मिमी उंचीचा लाकडी ठोकळा घ्या आणि ब्लेडने त्याच्या कडेत दोन-तीन मिमी खोल खाच पाडा. यंत्र बंद करा. ठोकळा टेबलावरच गोल फिरवून ब्लेडच्या मागच्या बाजूला न्या आणि तीच खाच ब्लेडच्या पाठीवर सरकवून पाहा. ब्लेड वरपासून खालपर्यंत अलगद शिरलं तर टेबल काटकोनात आहे. वर शिरतं आणि खाली अडतं, किंवा उलट, तर टेबल कललेलं आहे. या रीतीत चूक दुप्पट होऊन दिसते, म्हणून ती डोळ्याला पटकन कळते. बोल्ट किंचित सैल करा, टेबल ढकला, घट्ट करा, पुन्हा नवी खाच पाडून बघा. दर मोठ्या कामाआधी हे केलं पाहिजे, कारण यंत्राच्या कंपनाने बोल्ट हळूहळू सरकतो.

टेबल सरळ आणि तरी कड फुगीर?

मग ब्लेडला बाक येतोय. ब्लेड ढिलं असेल, बोथट झालं असेल किंवा तुम्ही लाकूड घाईने पुढे ढकलत असाल, तर जाड लाकडात ब्लेड मधून मागे आणि बाजूला वाकतं. वळणावर असं झालं की कडेच्या मधोमध पोट येतं. कडेवर पोलादी पट्टी उभी धरून उजेडाकडे बघा, पोट असेल तर पट्टीच्या वर आणि खाली उजेड दिसेल.

ताणलेलं ब्लेड बोटाने बाजूला दाबल्यावर ३ मिमीपेक्षा जास्त हलता कामा नये. सागात किंवा शिसवात अर्धा तास सलग कापल्यावर ब्लेड बदलावं. ते अजून कापत असतं हे खरं, पण आता ते तुमच्या ढकलण्याच्या जोरावर कापत असतं. ब्लेडची काटकसर करून दोनशे रुपयांची फळी वाया घालवू नये.

आणखी एक गोष्ट नवशिक्यांना छळते. साधी, ठशातून काढलेली ब्लेडं सरळ रेघेत न जाता एका बाजूला ओढतात. त्यांच्या एका अंगाला धातूची बारीक कूस राहिलेली असते आणि ती बाजू जास्त कापते. लाकूड दोन-तीन अंश वळवून धरलं की रेघ सरळ निघते. यंत्रात काही बिघाड नाही. गोल पिळाची ब्लेडं मात्र या कामाला वापरू नका. ती कुठल्याही दिशेला वळतात हे आकर्षक वाटतं, पण चीर जाड आणि खरबरीत पडते.

नमुन्याचा कागद

हे थोडक्यात सांगतो. तुकडे स्वतंत्र कापणार असाल तर सगळ्या झेरॉक्स एकाच यंत्रावर, एकाच वेळी, १०० टक्के मापात काढा. झेरॉक्सची झेरॉक्स नको. कागद पातळ केलेल्या पांढऱ्या गोंदाने लाकडावर चिकटवू नका, ओला कागद ताणला जातो आणि तोही एका दिशेने जास्त. लाकडावर आधी मास्किंग टेप, त्यावर ग्लू स्टिकने कागद, आणि वर पारदर्शक पॅकिंग टेप. या वरच्या टेपमुळे सागासारख्या लाकडात कड जळून काळी पडण्याचं प्रमाणही कमी होतं.

कडेवर रंग नको

आता मूळ मुद्दा. चित्र रंगीत हवं म्हणून तुकडा सगळीकडून रंगवायची गरज नाही. भिंतीवर लावल्यावर दिसतो तो वरचा चेहरा आणि कडेचा वरचा दोन मिमी भाग. त्याखालची कड कुणालाही दिसत नाही, आणि चीर भरते ती नेमकी तिथेच. तेव्हा रंग वरच्या दोन मिमीपर्यंत उतरवा आणि तिथे थांबा.

हे हाताला वळण लावण्याचं काम आहे. ब्रशमध्ये रंग कमी घ्या, आधी कागदावर टिपा. तुकड्याच्या मध्यावरून सुरुवात करून ब्रश बाहेरच्या दिशेने न्या आणि कडेपाशी उचला. कडेवरून आत ओढला की ब्रशचे केस कडेला घासून पिळले जातात आणि सगळा रंग खाली ओघळतो. तुकडा वर्तमानपत्रावर ठेवून रंगवू नका. फळीला चार खिळे ठोकून त्यांच्या टोकांवर ठेवा, म्हणजे ओघळ आलाच तर तो तळाशी पसरून चिकटणार नाही आणि लगेच बोटाने पुसता येईल. वरची धार आधी पॉलिशपेपरने किंचित गोलसर केली असेल तर रंग तिथे बरोबर थांबतो आणि तुकडे वेगवेगळे उठूनही दिसतात.

रंग पातळ दिला तर फिका दिसेल ही भीती मनातून काढून टाका. आपल्याकडे बडोद्याहून पन्नासेक किलोमीटरवर संखेड्याचं लाखकाम आहे. सागाच्या त्या पाळण्यांवर आणि खुर्च्यांवर कथलाच्या वर्खाची नक्षी असते, आणि वरचा पारदर्शक थर चढला की ती सोन्यासारखी झळकते. ती चमक थराच्या जाडीमुळे आलेली नसते. खालून उजेड परत येतो आणि वरचा थर पारदर्शक असतो, एवढ्यावर ती उभी आहे. लाकडाच्या तुकड्यावरही हेच चालतं: फिकट, नीट घासलेलं लाकूड, त्यावर पातळ रंग, वर एक पारदर्शक हात. लाकडाच्या रेषा त्यातून दिसतात आणि मोराच्या पिसाला प्लास्टिकची कळा येत नाही. माझं मत विचाराल तर रेषा झाकून टाकणारा जाड रंग द्यायचा असेल तर लाकूड वापरूच नये, एमडीएफ (लाकडाचे बारीक तंतू राळेसोबत दाबून केलेला बोर्ड) पुरतो. (एमडीएफ कापताना मात्र मास्क लावाच. त्याची धूळ पिठासारखी बारीक असते आणि त्यात राळेचा अंश असतो.)

पातळ रंगाचे दोन मार्ग आहेत. एक, स्पिरिटमध्ये विरघळणारे लाकडाचे स्टेन. ते थर करत नाहीत, लाकडात मुरतात, त्यामुळे चिरेतून काहीच खात नाहीत. उन्हात काही छटा लवकर उडतात, तेवढं एक उणं. दोन, ॲक्रिलिक निम्म्याला निम्मं पाणी घालून. हा स्वस्त आणि सुरेख, पण यातलं पाणी पुढचा त्रास घेऊन येतं.

पाणी

पाण्याचा रंग लाकडावर पडला की पृष्ठभागावरचे दबलेले तंतू फुगून उभे राहतात. वाळल्यावर हात फिरवला तर लाकूड खरबरीत लागतं. कडेवर हे जास्त, आणि जिथे तंतूंची तोंडं उघडी कापलेली असतात अशा टोकांवर सर्वांत जास्त, कारण ती टोकं पाणी शोषून घेतात. पाइनचा तुकडा रंगवण्याआधी आणि रंगवल्यानंतर कागदाच्या पट्ट्यांनी तपासा. नुसत्या पाण्यानेही फरक पडलेला दिसेल.

इलाज रंग देण्याआधीच करायचा. तुकडा ओल्या, पिळलेल्या फडक्याने पुसा, पूर्ण वाळू द्या, आणि उभे राहिलेले तंतू २२० नंबरच्या पॉलिशपेपरने हलक्या हाताने काढून टाका. मग कडांना चपडा लाखेचा एक पातळ हात द्या. चपडा स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवून विरघळवायचा, पाण्याइतका पातळ ठेवायचा आणि कापडाच्या बोळ्याने कडेवरून फिरवायचा. तो काही मिनिटांत वाळतो, जाडी जवळजवळ वाढवत नाही आणि टोकांचं पाणी पिणं बरंच कमी करतो. लाल तुकड्याचा रंग शेजारच्या पांढऱ्यात उतरतो ही दुसरी तक्रारही यानेच आटोक्यात येते. पाइनच्या गाठीवर पांढरा रंग दिल्यावर महिन्याभरात पिवळा डाग वर येतो, तिथेही आधी चपड्याचे दोन हात द्यावेत.

पातळ प्लायच्या तुकड्यांचं गणित वेगळं आहे. ३ किंवा ४ मिमीच्या प्लायला एकाच बाजूने रंग दिला की तो बाकदार होतो आणि मग चिरेत जागा असूनही कोपरे वर राहतात. त्यावर वजन ठेवून उपयोग नाही. मागच्या बाजूलाही तेवढेच हात द्या, रंग नको असेल तर नुसता सीलर किंवा वार्निश द्या. दोन्ही बाजूंचा ओढा सारखा झाला की प्लाय सरळ राहतो.

श्रावणात घट्ट, वैशाखात सैल

वरचं सगळं नीट केलं आणि तरी चित्र पावसाळ्यात फुगून मधून वर आलं, तर प्रश्न हवेचा आहे. बडोद्याचा मे महिना कोरडा, पारा चाळिशीच्या वर. जुलै-ऑगस्टमध्ये हवा ओलीचिंब. लाकूड त्या हवेप्रमाणे ओल घेतं आणि सोडतं. रेषांच्या लांबीत ते जवळपास बदलत नाही, आडव्या रुंदीत बदलतं. १०० मिमी रुंद पाइनची फळी, तिच्यातली ओल सहा टक्क्यांनी वाढली तर दीड मिमीपर्यंत रुंद होऊ शकते. साग त्यामानाने शांत, साधारण १ मिमी. म्हणजे मे महिन्यात घट्ट बसवलेला पाइनचा मोर श्रावणात फुगणारच, त्यात तुमच्या हाताचा दोष नाही.

दोन गोष्टी करता येतात. वखारीतून आणलेली फळी लगेच कापू नका. ज्या घरात चित्र लागणार त्याच घरात, फळ्यांच्या मध्ये बारीक काड्या घालून दोन-तीन आठवडे ठेवा. फळीचा एक तुकडा स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर दर दोन-तीन दिवसांनी तोला. वजन बदलायचं थांबलं की लाकूड तिथल्या हवेला रुळलं. आणि शक्य असेल तर कापणं दसरा-दिवाळीपासून होळीपर्यंत उरकावं. तेव्हा लाकूड ना फार ओलं असतं ना फार कोरडं, त्यामुळे दोन्ही टोकांना फरक निम्मा पडतो. ज्यांना भर पावसाळ्यात गणपतीच्या आधी चित्र पुरं करायचंच असतं, त्यांनी चीर नेहमीपेक्षा अरुंद चालेल हे लक्षात घ्यावं, कारण ते चित्र पुढे सैलच होणार आहे. उन्हाळ्यात कापणाऱ्यांनी मात्र थोडं जाड ब्लेड घ्यावं, ५ ऐवजी ७ नंबरचं.

रेषांची दिशाही बघा. शेजारच्या दोन तुकड्यांत एकाच्या रेषा उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या असतील तर एक फुगतो आणि दुसरा जागचा हलत नाही. दिसायला ते छान असतं, तेव्हा करा, पण त्या फटीत जागा राखा.

अडलेलं चित्र सोडवायचं कसं

रंग झालाय, तुकडा अडतोय, आणि पुन्हा कापायचं नाहीये. तर वरची धार घासू नका. तिला हात लावला की रंग गेला आणि फटही कायमची दिसू लागली. आधी कुठे अडतंय ते शोधा. मऊ पेन्सिलीचं शिसं, ४बी किंवा ६बी, अडणाऱ्या तुकड्याच्या शेजाऱ्याच्या कडेवर दाट घासा. तुकडा हलकेच आत ढकला आणि बाहेर काढा. जिथे काळा डाग उमटला तिथेच लागतंय. बहुतेक वेळा हा डाग पूर्ण कडेवर नसून एखाद्या वळणापाशी, कडेच्या तळाकडे बोटाच्या नखाएवढा असतो.

सपाट काडीला १५० नंबरचा पॉलिशपेपर चिकटवा. वरचे दोन मिमी तसेच ठेवून त्याखालची कड आतल्या बाजूला किंचित कलती घासा. तुकड्याचं पोट कमी करायचं, चेहरा तसाच ठेवायचा. दोन-चार वेळा घासून पुन्हा शिसं लावून बघा. आतल्या वळणांना गोल कानस लागते. माझ्या शेजारच्या वहिनींच्या मोराचे पाच तुकडे असेच बसवले. तीन तुकड्यांत फक्त तळाच्या कोपऱ्यात वाळलेला ओघळ होता, तो कटरच्या पात्याने खरवडल्यावर तुकडे आपोआप आत गेले. म्हणून घासायच्या आधी कोपरे बघा.

रंग अजून दिला नसेल तर याहून चांगली रीत आहे. अडणारे दोन तुकडे शेजारी शेजारी घट्ट धरून मागून टेपने चिकटवा आणि त्यांच्या सांध्यावरून ब्लेड पुन्हा एकदा फिरवा. जिथे दोन्ही टेकलेत तिथलं लाकूड ब्लेड खातं, जिथे फट आहे तिथून ते मोकळं जातं. सांधा सगळीकडे सारखा होतो.

फट जास्त झाली तर पुट्टी भरू नका. पुढच्या पावसाळ्यात ती सोलून निघते आणि रंगही सोबत नेते. तुकडे ज्यावर चिकटवायचे ती मागची प्लाय मॅट काळ्या रंगाने रंगवा. तीच फट मग शाईने काढलेल्या रेघेसारखी दिसते आणि रंग उठून येतात. बडोद्यातल्या मांडवी दरवाज्याच्या कमानींचं चित्र करणाऱ्यांनी तर हे मुद्दाम करावं, कमानींच्या आतला काळोख आयता मिळतो.

एक इशारा: ॲक्रिलिक हाताला सुकलेलं लागलं तरी आतून आठवडाभर मऊ असतं आणि बडोद्याच्या उन्हाळ्यात अधिकच. असे तुकडे घाईने दाबून बसवले तर कडा एकमेकींना चिकटतात, मग काढताना रंगाची साल निघते. आठवडाभर थांबा. बसवण्याआधी खालच्या कडांवर मेणबत्ती घासली की चिकटण्याची भीती राहत नाही. मेण रंगकाम पूर्ण झाल्यावरच, आधी नाही, कारण मेणावर रंग धरत नाही.

चिकटवणं आणि टांगणं

तुकड्याच्या मागे सगळीकडे फेव्हिकॉल फासून प्लायवर बसवला तर पावसाळ्यात लाकडाला रुंद व्हायचं असतं आणि प्लाय त्याला होऊ देत नाही. मग तुकडा तडकतो किंवा सगळं चित्रच धनुष्यासारखं वाकतं. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यांचे दरवाजे आठवा: दिल्हा (दाराची मधली फळी) चौकटीच्या खाचेत मोकळा बसवलेला असतो, त्याला डिंक नसतो, म्हणून तो कित्येक पावसाळे फुगून-आटूनही फुटत नाही. मोठ्या तुकड्याला गोंद मध्यभागीच लावा, रुपयाच्या नाण्याएवढा. दोन बोटांपेक्षा लहान तुकड्यांना पूर्ण लावला तरी चालतो, त्यांचा फरक नगण्य असतो. मागच्या प्लायलाही दोन्ही बाजूंनी सीलर हवा.

चित्र भिंतीला टेकवून लावू नका. मागे चारी कोपऱ्यांना १० ते १२ मिमी जाडीचे लाकडी ठोकळे चिकटवा म्हणजे मागून हवा खेळेल. पश्चिमेची पावसाचा मारा खाणारी भिंत, न्हाणीघराला लागून असलेली भिंत आणि स्वयंपाकघरातली ओट्यावरची भिंत टाळा. भिंत ओली आहे का ते कळत नसेल तर हातभर प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी टेपने भिंतीवर चिकटवून दोन दिवस ठेवा. आतून दव धरलं तर ओल भिंतीतून येतेय. मग चित्रासाठी दुसरी भिंत शोधा, किंवा आधी त्या भिंतीचा बंदोबस्त करा.